भगत सिस्टरांचं उसनं सेंटर

आमच्या कवठदऱ्यात उतरणाऱ्या परक्या माणसाच्या कानावर पूर्वी दोन आवाज हमखास पडत. एक माझ्या बिछायत केंद्राच्या भोंग्याचा आणि दुसरा भगत सिस्टरांचा. माझ्या भोंग्याला निदान बटण होतं.

फुलसावंगीच्या पुढे, डोंगर सुरू होतो तिथे आमचं गाव. लग्न असो, नामकरण असो की तेरवी, खुर्च्या, गाद्या, मंडप आणि मोठाली भांडी माझ्याकडून जातात. त्यामुळे गावातल्या प्रत्येक घराची ऐपत, हौस आणि खोटा थाट मला तोंडपाठ आहे. उसनं काय आणि स्वतःचं काय, हे मी लांबून ओळखतो. भगत सिस्टरांवर लिहायला माझ्याइतका लायक माणूस म्हणूनच दुसरा नाही. डॉक्टर लिहील तर तो औषधांचं लिहील. पुढारी लिहील तर स्वतःचं लिहील.

त्या आमच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून आल्या तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं, आणि त्या बदलून गेल्या तेव्हा माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांचं माहेर कोणतं, शिक्षण कुठे झालं, नवरा काय करायचा, हे मी सांगणार नाही. त्यातलं अर्धं मला ठाऊक नाही आणि उरलेलं त्यांनी कधी विचारू दिलं नाही.

पांढरी साडी, तिला इतकी खळ की बाई मोपेडवर बसली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. डोळ्यांवर काळा गॉगल, उन्हात आणि घरातही. पावडर गळ्यापर्यंत. पर्समध्ये फुटाणे. कोणी "बाई" म्हटलं की फणकारायच्या, "बाई शाळेत असते. मी सिस्टर आहो." आणि स्वतः मात्र कोणालाही नावानं हाक मारायच्या नाहीत. माणसाला त्याच्या धंद्यावरून बोलवायच्या. मी "ओ बिछायत". बॅटरीचं दुकान चालवणारा जावेदभाई "ओ बॅटरी". सरपंच समोरून आले की भर चौकात, "काय म्हणते आमची खुर्ची?" सरपंच हसायचे. न हसून सांगतात कोणाला? त्यांचे दोन्ही नातू सिस्टरांच्याच हातावर जन्मलेले.

उपकेंद्राला सगळे सेंटर म्हणायचे, पण ती होती ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामाची मागची खोली. आधी तिथे खताची पोती ठेवत. ऊन तापलं की भिंतीतून युरियाचा वास सुटायचा. सिस्टर म्हणायच्या, "म्हणूनच कवठदऱ्याची पोरं भरभर वाढतेत. पहिला श्वासच युरियाचा!" खोलीला चौकट होती, दार नव्हतं. तिथे माझ्या मंडपाचा जुना गुलाबी पडदा झालरीसकट लागला होता. बाळंतीण आत कण्हत असायची आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, नवरदेव यायचाच बाकी आहे.

नळ नव्हता. पंचफुला नावाची मदतनीस हापशीवरून हंडे आणायची. ही पंचफुला बारीक, काळीसावळी, कमी बोलणारी. सिस्टरांच्या आवाजाच्या सावलीत राहून तिनं बहुतेक बोलणंच सोडलं होतं. अवजारं उकळायला घरचा प्रेशर कुकर होता. भलत्या वेळी सेंटरातून कुकरची शिट्टी आली की गाव ओळखायचं, हा भात नाही, हे बाळ आहे. म्हाताऱ्या बाया हातातलं निवडण टाकून तिकडे वळायच्या.

आणि फ्रीज. बाळंतपणानंतर रक्त थांबवायचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस थंड राहत नाही तर इंजेक्शन कुठून राहणार? सिस्टरांनी मोठ्या माठात लहान माठ बसवला, मधल्या जागेत वाळू भरली आणि ती वाळू पंचफुला दिवसभर ओली करत राहायची. येणाऱ्याजाणाऱ्याला सिस्टर तो माठ उघडून दाखवायच्या. "सरकारचा फ्रीज लाईट गेली की मरते. माहा फ्रीज पाणी पिऊन जगते."

बाईला स्वतःचा गर्व भारी. नम्रता वगैरे त्यांच्या अंगाला शिवली नव्हती. एखादी गोष्ट नाही म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "होऊन जाते." पाणी नाही? होऊन जाते. पलंग मोडला? होऊन जाते. आणि व्हायचं, ही खरी गंमत.

एकदा दिवेलागणीला लाईट गेली आणि आत बाई अगदी बाळंत व्हायला टेकलेली. सिस्टर पडदा सारून धावत रस्त्यावर आल्या आणि शेतातून परतणाऱ्या विठ्ठलच्या ट्रॅक्टरसमोर हात आडवे करून उभ्या राहिल्या.

"तोंड इकडं कर!"

विठ्ठलनं घाबरून आपलं तोंड इकडे केलं.

"तुहं नाई बे! ट्रॅक्टरचं!"

ट्रॅक्टर वळवून खिडकीशी लावला. दोन्ही दिवे आत. मग सिस्टरांच्या लक्षात आलं की दिव्यांच्या मागे विठ्ठलही आहे. "आता तुहं तोंड तिकडं!" तो बिचारा शेताकडे तोंड करून मडगार्डवर बसून राहिला, इंजिन चालू ठेवून. मुलगा झाला. विठ्ठल चाचरत म्हणाला, "सिस्टर, डिझेल लय जळलं."

"पोराचं नाव ट्रॅक्टर ठेवतो आपण. झालं तुहं डिझेल वसूल."

शाळेत त्याचं नाव दुसरंच आहे. पण आता तो मिसरूड फुटलेला गडी झाला तरी गावात त्याला ट्रॅक्टरच म्हणतात, आणि हाक मारली की तो ओ देतो.

तांड्यावरच्या बाया यायच्या, डोंगरातल्या कोलामांच्या वस्तीवरून, पोडावरून यायच्या. उमरखेडला दिलेल्या लेकीसुद्धा तिथले दवाखाने सोडून आमच्या गुलाबी पडद्याआड बाळंत व्हायला यायच्या. बाकीच्या गावांतली उपकेंद्रं कुलूप लावून पडलेली आणि आमचं हे खताचं गोदाम गजबजलेलं. साहजिकच वरच्यांच्या कानावर गेलं आणि सिस्टरांना बक्षीस जाहीर झालं.

यवतमाळला कार्यक्रम होता. जावेदभाईच्या जीपमधून आम्ही गेलो. सिस्टर पुढे, मी, पंचफुला आणि फुटाण्याची पिशवी मागे. शाल, श्रीफळ, चषक. एक मोठे साहेब बोलायला उभे राहिले. आवाज असा की माझा भोंगा लाजावा. "साधनं नसली की लोक रडतात. भगत सिस्टर रडत नाहीत! त्यांच्याकडे दार नाही, नळ नाही, फ्रीज नाही, तरी काम अडत नाही. मी म्हणतो, आम्हाला इमारती नकोत. आम्हाला अशा सिस्टर हव्यात!" टाळ्यांचा कडकडाट. सिस्टरांनीही वाजवल्या.

परतीच्या वाटेवर त्या गप्प होत्या. त्या गप्प म्हणजे जीपचं इंजिन बिघडल्यासारखंच. जावेदभाई त्यांच्याकडे पाहण्याच्या नादात दोनदा गिअर चुकला. दारव्हा मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "ओ बिछायत, साहेब म्हणे इमारती नको. कोणाले नको? मले तं पाह्यजे."

"मग तिथंच म्हणायचं ना, सिस्टर."

"शाल पांघरल्यावर मागता येते का?"

जावेदभाई समोर बघत म्हणाला, "सिस्टर, जो गाडी धक्के से चालू होती है ना, उसको कोई बॅटरी नहीं देता. लोग बोलते, चलती तो है."

चषक सेंटरात आला आणि त्यात थर्मामीटर राहू लागली. आणि जावेदभाई म्हणाला तसंच झालं. सिस्टर तालुक्याला मीटिंगला गेल्या आणि दाराचं बोलल्या की साहेब हसून म्हणायचे, "अहो, तुमच्याकडे तर होऊन जाते!" पाण्याचं बोलल्या की, "भगत सिस्टर आणि अडचण? काहीतरीच!" त्यांचंच वाक्य, त्यांनाच इस्त्री करून परत. सिस्टरही मग खुलायच्या, गॉगल सावरायच्या, आणि दार न घेता घरी यायच्या. कौतुकाची चटक वाईट. मी धंद्यात पाहतो ना. मंडप चांगला झाला म्हटलं की पैसे मागायला जीभ वळत नाही.

मग एकदा निरोप आला. भागात एक नवं उपकेंद्र बांधायचं आहे. टाईल्स, नळ, फ्रीज, छतावर सौरऊर्जेची पाटी आणि तिची बॅटरी, सगळं. जागा ठरवायला समिती येणार. कवठदरा बघणार आणि डोंगरापलीकडचं हिवरदरी बघणार. हिवरदरीच्या उपकेंद्राची एक भिंत पडलेली होती आणि आत शेळ्या बसायच्या. आम्ही हसलो. शेळ्यांना कोण सेंटर देतं? जे केंद्र बघून समितीचं मन भरेल त्यालाच मिळणार, हे आमच्या लेखी इतकं उघड होतं की कोणी कोणाला विचारलंसुद्धा नाही.

आता इथे आमच्या भागाची रीत सांगितली पाहिजे. मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की शेजारून सोफा येतो, मागच्या गल्लीतून टीपॉय येतो, कपबश्या चौथ्या घरच्या. पाहुण्यांनाही ते माहीत असतं, कारण त्यांच्याही घरी तसंच झालेलं असतं. फाटकं दाखवून पोरगी उजवता येत नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. समिती येणार म्हटल्यावर गाव जे करत आलं तेच त्यानं केलं. कवठदऱ्याची पोरगी पसंत करून घ्यायची होती.

आदल्या दिवशी सकाळपासून सेंटरासमोर वरात लागली. माझ्या गोदामातून लाल गालिचा आणि पांढरी कापडं गेली. युरियाची भिंत कापडाआड दडली. जावेदभाईनं दुकानातला इन्व्हर्टर आणून बसवला. बचत गटानं स्टीलचे नवे ट्रे दिले. आणि सरपंचांच्या सुनेच्या लग्नात आलेला लाल फ्रीज, दारावर गुलाबाच्या फुलाचं चित्र असलेला, बैलगाडीतून वाजतगाजत आला. शाळेच्या वर्गाचं दार बिजागऱ्यांसकट काढून आणलं. सिस्टर मधोमध उभ्या राहून भोंगा झाल्या होत्या. "ओ खुर्ची, फ्रीज भिंतीले टेकवू नका! ओ बॅटरी, वायर दिसून राह्यली!" इतक्या खुशीत मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

माठाचा फ्रीज बाहेर नेऊन तुराट्यांमागे लपवताना पंचफुला थांबली. वर्षाकाठी दहा वाक्यं बोलणारी बाई, त्यातलं एक तिनं तिथे खर्च केलं.

"सिस्टर, राहू द्या ना जसं हाय तसं. फाटकं दिसलं तं ठिगळ भेटते."

सिस्टरांनी गॉगल काढला. "पंचफुला, माह्या सेंटरात पाहुणा येते, अन् मी त्याले भंगार दाखवू? नेऊन ठेव तो माठ."

पंचफुलेनं माठ नेऊन ठेवला.

समिती आली. तिचे प्रमुख होते ते शालवाले मोठे साहेब. गालिच्यावरून चालले, दार उघडून-लावून पाहिलं, इन्व्हर्टरचं बटण दाबलं. घामाघूम झाले होते. सिस्टरांनी लाल फ्रीजमधली बाटली काढून दिली. साहेबांनी ती गटागटा प्यायली आणि "वा!" म्हणाले. आमच्या छात्या फुगल्या. मग झुणका-भाकर, वांग्याची भाजी, वर मठ्ठा. निघताना साहेबांनी सिस्टरांचा हात हातात घेतला. "सिस्टर, तुमच्याकडे बघण्यासारखं काही उरलंच नाही! सगळं आहे!"

त्या संध्याकाळी जावेदभाईनं माझ्याच भोंग्यावर गाणी लावली.

नवं सेंटर हिवरदरीला मंजूर झालं. कारण विचारायला सरपंच तालुक्याला गेले, तर उत्तर मिळालं, "जिथे काहीच नाही तिथे द्यावं लागतं, पाटील. तुमच्याकडे फ्रीज आहे, इन्व्हर्टर आहे. लोकांनी किती खावं?" तोवर लाल फ्रीज सुनेच्या स्वयंपाकघरात, इन्व्हर्टर दुकानात आणि दार शाळेत गेलं होतं. गुलाबी पडदा पुन्हा लागला. सिस्टर आठवडाभर कोणाशी बोलल्या नाहीत. मग एका दुपारी कुकरची शिट्टी वाजली आणि गाव म्हणालं, चला, झालं सुरू.

पुढच्या उन्हाळ्यात पंचफुलेची ज्योती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मृगाच्या तोंडावर आमच्याकडे कोरडं वादळ येतं, पाऊस कमी आणि वारं जास्त. त्यानं विजेचे खांब लोळवले आणि उमरखेडच्या रस्त्यावर चिंचेचं झाड आडवं घातलं. गावात लाईट नाही, माठाची वाळूसुद्धा गरम लागावी असा उकाडा, आणि त्यात ज्योतीच्या कळा सुरू झाल्या.

भर दुपारी मुलगी झाली. कुकर वाजला, बाळ रडलं, बाहेर बसलेल्या बाया हसल्या. आणि मग आतून सिस्टरांचा आवाज यायचा बंद झाला. तो बंद झाला म्हणून मी पडद्याजवळ गेलो.

रक्त थांबत नव्हतं. माठातलं इंजेक्शन दिलं होतं; त्यानं काही झालं नाही. ते उष्म्यानं निकामी झालं होतं की दुखणंच तसं होतं, हे देव जाणे आणि तोही सांगत नाही. रुग्णवाहिका झाडापलीकडून पुढे येऊ शकत नव्हती.

"ओ बिछायत! तुही गाडी!"

माझ्या छोट्या टेम्पोत एका लग्नाच्या गाद्या भरलेल्या होत्या. त्याच गाद्यांवर ज्योतीला ठेवलं. सिस्टर तिच्यापाशी गुडघे टेकून बसल्या आणि दोन्ही हातांनी गर्भपिशवी दाबून धरली. मी गाडी रस्ता सोडून वखरलेल्या शेतातून काढली. मागे पंचफुला नातीला छातीशी धरून बसलेली, आणि सिस्टरांचा भोंगा परत चालू.

"ज्योते, डोळे उघड! झोपाले आणलं का तुले? ओ बिछायत, खड्डा पाहून चालव! गाद्या तुह्याच खराब होऊन राह्यल्या, माह्या नाई! ज्योते, बोल माह्याशी. नवऱ्याले शिव्या दे. दे, आज माफ आहे!"

आणि ज्योतीनं, खरंच सांगतो, अगदी बारीक आवाजात दिली एक. सिस्टर हसल्या. हात मात्र सुटले नाहीत. उमरखेडच्या दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी "सोडा आता" म्हटलं तेव्हा सिस्टरांना ते हात सोडताच येईनात. बोटं आखडून गेली होती. दोन परिचारिकांनी ती एकेक करून उकलली.

ज्योती वाचली. गर्भपिशवी काढावी लागली. पोर ठणठणीत. सिस्टर दवाखान्याच्या पायरीवर बसून हात चोळत होत्या आणि मला म्हणाल्या, "होऊन गेलं, बिछायत." मला वाटलं, आता पुन्हा शाल येणार.

आले ते ज्योतीचे सासरे. एकच मूल, तेही मुलगी, आणि पुढे काही नाही, हे ऐकल्यावर त्यांनी नातीचं तोंडही न पाहता तक्रार केली की नर्सच्या हलगर्जीनं आमच्या सुनेचं वाटोळं झालं. चौकशी बसली. चौकशीला आले तेच मोठे साहेब.

ग्रामपंचायतीत टेबल मांडलं. खुर्च्या माझ्याच होत्या, म्हणून मीही आत.

"इंजेक्शन कुठे ठेवलं होतं?"

"माठात."

"माठात?" साहेब मागे रेलले. "सिस्टर, तुमच्याकडे फ्रीज होता. इन्व्हर्टर होता. मी स्वतः त्या फ्रीजमधलं पाणी प्यालो आहे. होता की नाही?"

खोलीत सगळं गाव. सरपंच खाली बघत होते, जावेदभाईनं टोपी काढून हातात घेतली होती. सिस्टर ताठ उभ्या, साडीची खळ तशीच कडक.

"होता," त्या म्हणाल्या.

"मग वापरला का नाही?"

कोपऱ्यातून पंचफुला उठली. ती आयुष्यात पहिल्यांदा ओरडली असेल.

"उसना होता, सायेब! फ्रीज उसना, बॅटरी उसनी, दार शाळेचं! तुमी येनार म्हून आनलं होतं सारं! सिस्टरपाशी काहीच नोहतं, कधीच नोहतं! माह्या पोरीले तिनं हातानं वाचवलं!"

आम्हाला वाटलं, आता साहेबांना कळलं. एवढं लख्ख सांगितल्यावर कोणालाही कळेल. साहेबांनी पंचफुलेकडे पाहिलं. चेहरा लाल झाला. मग सिस्टरांकडे वळून सावकाश म्हणाले, "म्हणजे तुम्ही समितीची फसवणूक केली."

फ्रीज होता म्हणावं तर हलगर्जी, नव्हता म्हणावं तर फसवणूक. असा दुहेरी सापळा मी उंदरासाठीही कधी लावला नाही.

नंतर बाहेर चिडून मी विचारलं, "होता कायले म्हणाल्या?"

"इतक्या बाया माह्या भरोशावर आल्या ना," त्या म्हणाल्या. "त्यायले आता सांगू, का बायायनो, तुमाले रिकाम्या खोलीत निजवलं होतं मी?" फुटाणे काढले, आणि न खाता परत ठेवले.

त्यांची बदली झाली. वर अशी ताकीद की यापुढे त्यांनी बाळंतपण करायचं नाही; केंद्रात फक्त लसी द्यायच्या, नोंदी ठेवायच्या आणि बाळंतिणीला पुढे पाठवायचं. केंद्रात एक जरी बाळंतपण केलं तरी नोकरी जाईल आणि पेन्शनही. बदली कुठे झाली? हिवरदरीला. सरकारलाही विनोद कळतो.

त्यांच्या जागी आमच्याकडे एक तरुण मुलगी आली. तिनं पडदा बाजूला सारून आत पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी इथं काम नाही करणार." दार नाही, पाणी नाही, तोवर हात लावणार नाही. बाया चिडल्या, सरपंच चिडले, मीही तिच्यामागे बरंच बोललो. ती ढिम्म हलली नाही. वर्ष सरायच्या आत दार आलं, नळ आला, फ्रीज आला. मुलगी गुणी आहे, काम चांगलं करते. तिचा राग राग करायलाही आता काही जागा उरली नाही, हीच अडचण.

मागच्या हिवाळ्यात हिवरदरीला मंडप टाकायला गेलो होतो. नवं सेंटर गावाबाहेर, रस्त्यालगत, कोणातरी मोठ्या माणसाच्या न पिकणाऱ्या जमिनीवर उभं आहे. सिस्टर दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. गॉगल होता. खळ मात्र नव्हती. साडी नुसतीच पांढरी होती.

"ओ बिछायत! ये. पाय पूस आधी."

त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं, दुकानदार गिऱ्हाइकाला दाखवतो तसं. नळ सोडून दाखवला. भर दिवसा एकेक करून सगळे दिवे लावले, पंखा लावला. बाळंतपणाच्या टेबलावर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच ताणलेलं होतं. फ्रीज उघडून म्हणाल्या, "पाह्य, आतबी लाईट लागते याच्यात." इंजेक्शनं ओळीनं मांडलेली, गारेगार.

"ज्योती कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"पंचफुलेपाशीच आहे. नवऱ्यानं दुसरी केली."

"अन् पोरगी?"

"बोलते लय. तुमच्यावाणी."

त्या हसल्या नाहीत. तेवढ्यात रस्त्यावर ऑटो करकचून थांबला. आत एक बाई विव्हळत होती, शेजारी तिची सासू. ऑटोवाल्यानं मुंडी बाहेर काढली. "सिस्टर, उमरखेडले नेऊन राह्यलो. पोचन का हो?"

सिस्टर उतरून गेल्या. हात आत घालून बाईच्या पोटावर ठेवला, वाकून पाहिलं. ताठ झाल्या आणि मागे वळून त्या लखलखीत खोलीकडे क्षणभर बघत राहिल्या. मग भराभर आत आल्या, हातमोजे घेतले, फ्रीजमधलं इंजेक्शन घेतलं, स्वच्छ कापडं काखेत मारली.

"सिस्टर, तिले आत आणू का?" मी म्हटलं. "टेबल आहे ना."

"केंद्रात मनाई आहे." त्या ऑटोत चढल्या. "ऑटोचं कोणी काई म्हटलं नाई. ओ ऑटो, त्या कडुलिंबाखाली घे. सावलीत."

ऑटो हळूहळू जाऊन झाडाखाली उभा राहिला. ऑटोवाला खाली उतरून शेताकडे तोंड करून उभा राहिला. सासूनं उतरून लुगड्याचा पदर उघड्या बाजूवर दोन्ही हातांनी ताणून धरला. मी दारातच थांबलो. सेंटर उघडं टाकून जाणार कसा?

बऱ्याच वेळानं झाडाखालून बारीक रडण्याचा आवाज आला. माझ्या पाठीमागे सगळे दिवे जळत होते, आणि प्लास्टिक चढवलेल्या रिकाम्या टेबलाला पंखा जोरात वारा घालत होता.